खूणगाठ कुणाच्या पदराला?

पाणी, सरपण, स्वयंपाक, धुणंभांडी, पोरंबाळं, म्हाताऱ्यांचं आजारपण, रानातली खुरपणी, गोठ्यातलं शेण. या कामांना 'काम' म्हणायला लावण्यातच आपल्या चळवळीची कितीतरी वर्षं गेली. तरीही एक काम आपल्याही यादीत अजून नीट आलेलं नाही. ते दिसत नाही, त्याचा आवाज होत नाही, आणि ते कधी संपतही नाही. हे काम आहे आठवण ठेवण्याचं. स्वतःच्या कामाची आठवण नव्हे, सगळ्यांच्या कामांची. ज्या घरातली माणसं एकत्र धंदा करतात त्या घरात तर या कामाचं ओझं दुप्पट होतं, कारण तिथे दुकान आणि चूल यांच्यामध्ये भिंतच नसते. मी अशाच घरातली आहे, म्हणून हे लिहिते आहे.

कराडजवळच्या एका गावात आमचा मसाल्याचा धंदा आहे. पिठाची गिरणी, मिरची कांडायचा डंक, आणि कांदा-लसूण मसाला, चटण्या, मेतकूट तयार करून विकणं. होळीपासून मृगापर्यंत आमच्याकडे श्वास घ्यायला सवड नसते. गावोगावच्या बाया बेडगी, संकेश्वरी घेऊन येतात, दारात रांगा लागतात. या धंद्यात घरची सहा माणसं आहेत: सासरे, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, आत्याबाई म्हणजे सासूबाई, माझा नवरा, दीर, जाऊ आणि मी. शिवाय हंगामात दोन पगारी बाया असतात.

आता या सहा जणांच्या आठवणी ठेवण्याच्या सहा तऱ्हा बघा. अण्णा चिठ्ठी लिहून सदऱ्याच्या खिशात ठेवतात. आत्याबाई तिथीवर चालतात. 'एकादशीच्या आदल्या दिवशी खोबरं आणायचं' असं त्या सांगतात आणि स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयच्या चौकटीत फुली मारतात. नवरा मोबाईलमध्ये गजर लावतो. दीर घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो, तेही रात्री अकराला. टाकलं की त्याच्या लेखी ते काम झालं. जाऊ वहीत लिहिते. आणि मी डोक्यात ठेवते, कारण मिरची भाजताना हाताला पेन लागत नाही आणि मोबाईलही लागत नाही.

ऐकायला ही गंमत वाटते. पाहुण्यांसमोर आमच्याकडे ती गंमत म्हणूनच सांगितली जाते. 'एका घरात सहा घड्याळं' असं अण्णा कौतुकाने म्हणतात. पण या गमतीची किंमत कोण मोजतं ते बघा.

२०२३ च्या उन्हाळ्यात पुण्याच्या एका गिऱ्हाइकाची साठ किलो मसाल्याची मागणी आली. ती दिराने फोनवर घेतली आणि ग्रुपवर टाकली. मिरची आणायची तारीख नवऱ्याने गजरात घातली. गजर वाजला तेव्हा तो गाडीवर होता, त्याने बंद केला. अण्णांची चिठ्ठी दुसऱ्या सदऱ्यात राहिली. आत्याबाईंनी कालनिर्णयवर फुली मारली होती, पण ती कशाची हे त्यांच्याशिवाय कुणाला कळणार? जावेच्या वहीत होतं, पण ती वही मालाची, खरेदीची नव्हे, खरेदी पुरुषांकडे. मी दोन दिवस माहेरी गेले होते. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, सगळ्यांनी आपापल्या परीने लिहूनही ठेवलं होतं, आणि मिरची आणली नाही कुणीच. मागणी गेली, गिऱ्हाईकही गेलं.

मी परत आले त्या संध्याकाळी ओसरीवर चौकशी बसली. गजर बंद करणाऱ्याला कुणी विचारलं नाही, ग्रुपवर टाकून झोपणाऱ्यालाही नाही. दीर मला म्हणाला, "वहिनी, तुम्ही तरी एक फोन करून आठवण द्यायची."

मैत्रिणींनो, या 'तरी' शब्दावर जरा थांबा. हा शब्द तुम्हीही ऐकला असेल. 'तू तरी बघायचं', 'तू तरी सांगायचं'. त्याचा अर्थ असा की पुरुषाचं विसरणं धरूनच चालायचं असतं, ते पावसासारखं आहे, त्याच्यावर कोण रागावणार? बाईचं लक्षात ठेवणंही धरूनच चाललेलं असतं. फरक इतकाच की ते चुकलं की गुन्हा होतो. खरेदी माझ्याकडे नाही, पैसे माझ्या हातात नाहीत, मी गावातही नाही. तरीही आठवण माझ्याकडेच!

अशा वेळी लोक म्हणतात, प्रत्येकाचा स्वभाव वेगळा, सवयी वेगळ्या, एकत्र काम करताना भांड्याला भांडं लागायचंच. मला हे मान्य नाही. इथे सवयीला सवय भिडत नाही. भिडायला दोन्ही बाजूंना सारखं बळ लागतं. आमच्या घरात कुणाची सवय कुणी शिकून घ्यायची हे आधीच ठरलेलं आहे. अण्णांच्या चिठ्ठ्यांचं अक्षर जावेला लागतं. आत्याबाईंच्या तिथ्यांच्या तारखा मी करून देते. नवऱ्याचा गजर वाजला की तो मलाच विचारतो, "अगं, हा कशाचा?" ग्रुपवरच्या पन्नास सुप्रभातांतून कामाचा एक निरोप जाऊ शोधून काढते. आम्हां दोघींना सगळ्यांच्या सवयी येतात. आमच्या सवयी मात्र कुणालाच येत नाहीत. जावेची वही तिच्याशिवाय कुणी उघडलेली मी पाहिली नाही. ज्याच्या हाती सत्ता त्याची सवय म्हणजे 'पद्धत', आणि जिच्या हाती नाही तिची सवय म्हणजे 'तिचं आपलं काहीतरी'.

आपली भाषाही यात मागे नाही. अण्णांनी आठवण दिली की ती 'सूचना' असते. नवऱ्याने दिली की 'तगादा'. मी दिली की ती कटकट, भुणभुण, किरकिर किंवा टुमणं! एकाच कामाला चार शब्द, आणि चारही अपमानाचे. म्हणून बाईला नुसती आठवण ठेवून चालत नाही. ती कधी द्यायची, कुणासमोर द्यायची नाही, आधी चहा ठेवून मग कसं सांगायचं, आवाज किती खाली ठेवायचा, याचाही विचार करावा लागतो. उधारी वसूल करायला नवऱ्याला पाठवायचं असेल तर मला आदल्या रात्रीपासून शब्द जुळवावे लागतात. हे श्रम नाहीत तर काय आहे?

दुसरा सापळा कौतुकाचा. 'बायकांची स्मरणशक्तीच दांडगी', 'वहिनी म्हणजे आमचा चालताबोलता रजिस्टर'. मुळात आठवण ठेवायला मेंदू लागतो, गर्भाशय नव्हे. माझ्या नवऱ्याला वीस वर्षांपूर्वीच्या क्रिकेटच्या धावा तोंडपाठ आहेत. दिराला तालुक्यातल्या प्रत्येक उमेदवाराची मतं पाठ आहेत. यांची स्मरणशक्ती कमी आहे असं कोण म्हणेल? ती कुठे खर्चायची आणि कुठे नाही, हे त्यांना ठरवता येतं. आम्हांला ठरवता येत नाही. प्रश्न एवढाच आहे.

हे निव्वळ आमच्याच घरचं दुखणं नाही. फ्रान्समध्ये मोनिक ऐको या समाजशास्त्रज्ञ बाईने १९८४ साली डोक्यावरच्या या ओझ्याविषयी लिहिलं. २०१७ साली तिथल्याच एमा नावाच्या चित्रकर्तीने त्यावर चित्रमालिका काढली आणि ती जगभर गेली. तिच्या नावाचा अर्थ साधारण 'सांगायचं होतंस ना!' असा. म्हणजे आमच्या ओसरीवरचंच वाक्य. अमेरिकेत ॲलिसन डॅमिंजर या संशोधिकेने २०१९ मध्ये या कामाचे चार भाग पाडून दाखवले: पुढे काय लागणार ते ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं, आणि काम झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. ओळखणं आणि लक्ष ठेवणं बायकांवर जास्त पडतं. निर्णय मात्र बहुतेक दोघं मिळून घेतात. आमच्याकडे तर निर्णयाच्या वेळी आम्ही चहा करत असतो.

आता सरकारी हिशेबाकडे या. देशभरातल्या असंघटित कष्टकरी बायांचं जिणं मांडणारा 'श्रमशक्ती' अहवाल इला भट्ट यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने १९८८ साली दिला. १९९१ च्या जनगणनेत कामाविषयीच्या प्रश्नात 'शेतावरचं किंवा घरच्या उद्योगातलं बिनपगारी काम धरून' अशा अर्थाचे शब्द पहिल्यांदा घातले गेले, आणि त्यासाठी स्त्री-संघटनांना आणि अभ्यासक बायांना आग्रह धरावा लागला. आज श्रमबळाच्या सरकारी पाहणीत आमच्यासारख्यांसाठी एक रकाना आहे: घरच्या उद्योगातली बिनपगारी मदतनीस. २०२३-२४ च्या पाहणीत देशातल्या काम करणाऱ्या बायांपैकी एक तृतीयांशाहून अधिक या रकान्यात होत्या. मदतनीस! सकाळी सहाला गिरणीचं शटर उघडणारी आणि रात्री गल्ला मोजून झाल्यावर उद्याच्या मालाची जुळणी करणारी बाई मदतनीस, आणि गजर बंद करणारा मालक.

वेळेच्या वापराची पहिली देशव्यापी पाहणी २०१९ साली झाली. त्यात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सव्वीस निघाले आणि बाया एक्क्याऐंशी. जे हात लावतात त्यांतही बाईची दिवसाला सरासरी २९९ मिनिटं आणि पुरुषाची ९७. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. म्हणजे पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली, पण पुरुषानेही आपली नऊ मिनिटं वाचवून घेतली. या पाहणीचं मोल मोठं आहे, आपण तिची मागणी करतच होतो. पण ती दिवसाचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे तुकडे करून विचारते, या वेळात काय केलं? चपात्या लाटता लाटता 'उद्या वीस तारीख, जीएसटीचं विवरण भरायचंय, यांना सांगायला हवं, धाकट्याची फी राहिलीय, हळकुंडं संपत आली' असं जे डोक्यात चालतं ते कोणत्या तुकड्यात लिहिणार? तिथे 'स्वयंपाक' असं लिहिलं जातं.

जानेवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अपघाती मृत्यूच्या भरपाईच्या एका खटल्यात घरकाम करणाऱ्या बाईच्या कामाला पैशात मोल धरलं. न्या. एन. व्ही. रमणा यांनी २०१९ च्या पाहणीचे हेच आकडे निकालपत्रात दिले. निकाल चांगलाच आहे. तरी मनात येतं, आमच्या कामाचा हिशेब व्हायला आम्हांला गाडीखाली यावं लागतं की काय?

गाडीखाली नाही, पण जावेला ऑपरेशन टेबलावर जावं लागलं. २०२४ च्या मार्चमध्ये, ऐन हंगामात, तिची गर्भपिशवी काढावी लागली. दवाखाना आणि विश्रांती मिळून ती एकवीस दिवस कामावर नव्हती. दवाखान्यातल्या दुसऱ्या दिवशी तिच्या हाताला सलाईन असताना दिराने फोन केला, "ती वही कुठाय? आणि त्यात गोल केलंय म्हणजे पैसे आले का राहिले?" तिसऱ्या दिवशी नवऱ्याचा, चौथ्या दिवशी अण्णांचा. पाचव्या दिवशी मी तिचा फोन काढून घेतला. त्या एकवीस दिवसांत तीन गिऱ्हाइकांचा माल अदलाबदल झाला, एका बाईची मिरची दुसरीच्या डब्यात गेली आणि दारात भांडण झालं. ती बरी होऊन आली तेव्हा आत्याबाईंनी तिची दृष्ट काढली, अण्णांनी साडी आणली. म्हणाले, "हिच्याशिवाय धंदा चालत नाही हे कळलं." ती मला म्हणाली, "ताई, कळलं तर मग पगार का नाही?"

हाच खरा प्रश्न आहे. ज्या माणसाशिवाय धंदा चालत नाही त्याला जगात साडी देत नाहीत, वाटा देतात.

यावर आमच्या घरचं पहिलं उत्तर यंत्राचं होतं. दिराने सगळ्यांच्या मोबाईलवर एकच कॅलेंडर टाकून दिलं. 'आता कुणाला आठवण द्यायची गरजच नाही.' पंधरा दिवसांनी पाहिलं, तर त्यात भरलेल्या सगळ्या नोंदी आम्हां दोघींच्या होत्या. यंत्र घंटा वाजवतं हो. पण कोणती गोष्ट, कोणत्या दिवशी, किती आधी वाजवायची हे कुणीतरी ठरवावं लागतं. चूल गेली, गॅस आला, पाटा गेला, मिक्सर आला. स्वयंपाक बाईकडेच राहिला ना? तसंच हे.

दुसरं उत्तर नेहमीचं: 'घरातल्या घरात कसला हिशेब? हे काय ऑफिस आहे?' जो उधारीचा रुपयान् रुपया मांडतो, मिरचीचं वजन ग्रॅमवर करतो, त्याला नेमका बायकोपाशी आला की हिशेबाचा विटाळ होतो!

तेव्हा मी एक जुना कागद काढला. २०१९ साली पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमातून डंकासाठी कर्ज घेतलं, ते माझ्या नावावर. मायेपोटी नव्हे. गावाकडच्या सर्वसाधारण गटातल्या पुरुषाला तेव्हा पंचवीस टक्के अनुदान होतं आणि बाईला पस्तीस. त्या दहा टक्क्यांसाठी मी मालकीण झाले. बँकेत सही करून आले आणि चेकबुक नवऱ्याच्या कपाटात गेलं. अशा कागदी मालकिणी प्रत्येक तालुक्यात किती आहेत, तुम्हीच आपल्या गटात हात वर करायला सांगून बघा. मी एवढंच म्हटलं, नाव माझं आहे तर सहीही माझीच चालेल. बँकेत जाऊन नवं चेकबुक घेतलं आणि एप्रिलपासून दोन पगार मांडले, एक जावेचा, एक माझा. नवरा आठ दिवस बोलला नाही. आत्याबाई बोलल्या, पण मला नव्हे. त्या अण्णांना म्हणाल्या, "चाळीस वर्षांचा माझा किती होतो, तेवढं एकदा सांगा."

आठवणीचंही आम्ही ठरवलं. डंकाशेजारच्या भिंतीवर एक फळा लावला. धंद्याचं जे काम असेल ते तिथेच लिहायचं, तारीख आणि तिथी दोन्ही घालून, आणि पुढे करणाऱ्याचं नाव. चिठ्ठी, गजर, ग्रुप हे ज्याचं त्याने स्वतःसाठी खुशाल वापरावं. पण फळ्यावर नाही ते काम सांगितलेलंच नाही असं धरायचं. काम ज्याचं, आठवण त्याची. रोज सकाळी फळा वाचून दाखवायची पाळी महिन्या-महिन्याने फिरते, पुरुषांसकट. पहिल्या वर्षी दिराच्या पाळीत वीजबिल राहिलं आणि दंड बसला. तो त्याच्या हिश्शातून गेला. त्याने सवयीने माझ्याकडे पाहिलं, पण 'तुम्ही तरी' म्हटलं नाही. सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. नवरा अजून विचारतो, "आज काय होतं गं?" मी म्हणते, फळा बघा.

इथे दोन गोष्टी आपल्या आपल्यातही बोलायला हव्यात. पहिली पगारी बायांविषयी. मीठ संपलंय, पट्टा घासतोय, अमक्या गावची बाई खसखस द्यायची विसरली, हे आमच्याकडे सगळ्यांत आधी कांडपावरच्या काकींच्या लक्षात येतं. त्यांना रोज मिळतो तो हातांचा, डोक्याचा नाही. घरच्या सुनांनी आपलं ओझं उतरवून काकींच्या डोक्यावर ठेवलं तर ती मुक्ती नव्हे. आम्ही पाळीत त्यांना धरत नाही, पण त्यांनी लक्षात आणून दिलेल्या गोष्टीचा वेगळा मोबदला असावा की नाही, यावर आमच्यात वाद चालू आहे. तो व्हायलाच हवा.

दुसरी आपल्या गटांविषयी. १९९२ पासून बचत गट बँकांशी जोडले जाऊ लागले आणि गावोगाव सचिव नावाची एक बाई तयार झाली. कुणाचा हप्ता कधी, बैठक कुठे, बँकेत कुणी जायचं, सतरंजी कुणाकडे, सगळं तिच्या डोक्यात. आपल्या संघटनांतही तेच. व्यासपीठावर बोलणाऱ्या वेगळ्या, आणि बोलणारीला एसटी किती वाजता हे लक्षात ठेवणाऱ्या वेगळ्या. बाहेर ज्याला आपण अदृश्य श्रम म्हणतो ते आपल्या कार्यालयात 'तिला सवय आहे' म्हणून खपवायचे का?

म्हणून माझं म्हणणं असं. पुढच्या बैठकीत प्रत्येकीने एक कागद घ्यावा. काल दिवसभरात दुसऱ्याच्या कामाची किती वेळा आठवण ठेवली, किती वेळा दिली, आणि आपल्या कामाची आठवण आपल्याला कुणी किती वेळा दिली, हे तीन रकान्यांत लिहावं. तिसरा रकाना बहुतेकींचा कोरा राहील. तो कोरा कागद घरी न्यावा आणि घरच्या धंद्यातल्या पुरुषांसमोर ठेवावा. ज्यांच्या नावावर नोंदणी, कर्ज, परवाना आहे त्यांनी आपली सही आपल्या हातात घ्यावी. ज्यांच्या नावावर काही नाही त्यांनी पगार मागावा, मग वाटा मागावा. येत्या काळात सरकारी पाहण्या होतील, त्यांत घरच्या उद्योगाचं नियोजन, देखरेख आणि आठवण हे स्वतंत्र काम म्हणून विचारा, अशी मागणी आपण संघटनांनी मिळून करावी. १९९१ मध्ये काही शब्द घालून घेतले, आताही घालून घेऊ.

आणि एक हक्क मागावा, जो कुठल्याही कायद्यात नाही. विसरण्याचा. दुसऱ्याचं काम आपण विसरलो म्हणून कुणी आपल्याला विचारता कामा नये. पुरुष तो हक्क पिढ्यान् पिढ्या भोगत आले आहेत, त्यात त्यांचं काही बिघडलेलं दिसत नाही. खूणगाठ ज्याच्या कामाची, त्याने ती आपल्या उपरण्याला मारावी. आमच्या पदराला आता जागा नाही.